इनासने घोड्याला हात लावला होता

इनास बुद्धिबळाच्या पटासमोर बसला की आधी दोन्ही हात मांडीखाली घालायचा आणि त्यांच्यावर बसायचा, मार खाल्लेल्या पोरासारखा. चाल ठरली की उजवा हात बाहेर यायचा, मोहरा उचलायचा, ठेवायचा, घड्याळ दाबायचा आणि परत मांडीखाली. स्पर्धेतले नवे लोक हसायचे. कोणी विचारलंच तर म्हणायचा, "हात चोर आहे. डोक्याच्या आधी पोचतो. त्याला दाबूनच ठेवला पाहिजे." मी त्याच्याबरोबर पस्तीसेक वर्षं खेळलो. त्याच हाताने शेवटी त्याला घाण केलं आणि मलाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे. मी चौथी शिकलेला माणूस. लिहिण्यात चुका सापडतील, सांगण्यात सापडणार नाहीत.

आम्ही दोघे वसईकडच्या निर्मळ गावचे. त्याची वाडी आणि माझी वाडी शेजारी, मध्ये एरंडाचं कुंपण. तो ख्रिस्ती, मी हिंदू. तो मोगरा आणि चाफा लावायचा, मी केळी आणि वेलाची भाजी. घरी आम्ही आपापल्या बोलीत बोलायचो, दोघांत मिळून तिसरीच खिचडी व्हायची. इथे ती शुद्ध करून लिहितो. वाफ्यांना पाणी लावून आम्ही मोटरच्या खोलीच्या ओट्यावर बसायचो. तिथे त्याने मला हा खेळ शिकवला. चुकीची चाल केली की म्हणायचा, "दाम्या, तू केळीच चांगली लावतोस." मी चिडून आणखी वाईट खेळायचो. पण सोडला नाही. मला कोणी म्हटलं की तुला हे जमायचं नाही, तर मी ते मरेपर्यंत धरून ठेवतो. एवढा एकच गुण माझ्याकडे आहे.

आम्ही गावच्या नियमाने खेळायचो. आमच्यात प्यादं पलीकडच्या टोकाला पोचलं की ज्या मोहऱ्याच्या घरात पोचलं तोच मोहरा व्हायचं. हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. विरारला आम्ही पहिल्या स्पर्धेला गेलो तेव्हा बाहेरचा नियम वेगळा असतो हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. इनास जिंकत आला होता. त्याचं प्यादं उंटाच्या घरात पोचलं. त्याने मेलेल्या मोहऱ्यांतून मोठ्या थाटात उंट उचलला आणि ठेवला. समोर चष्मा लावलेला एक कारकून होता. त्याला हसू आवरेना. वजीर घेतला असता तर दोन चालींत मात होती. उंट घेतला आणि इनास हरला. आर्बिटर, म्हणजे तिथला पंच, म्हणाला, "काका, वजीर घ्यायचा असतो हो." इनास म्हणाला, "आमच्या गावात प्यादं ज्याच्या दारात पोचतं त्याचंच नाव लावतं. फुकटचा वजीर होत नाही." सगळा हॉल हसला. परत येताना सायकलवर तो गाणं म्हणत होता. हरल्याची लाज त्याला कधी वाटली नाही.

लाज वाटायची ती एकाच गोष्टीची. मोहऱ्याला हात लावला की तोच खेळायचा, हा नियम गावातही होता आणि बाहेरही. तो इनासने जेवढा पाळला तेवढा मी कोणी पाळलेला पाहिला नाही. एकदा वसईला त्याच्या सदऱ्याची बाही हत्तीला लागली. समोरच्याला कळलंही नव्हतं. इनास स्वतः म्हणाला, "लागला," आणि तो हत्ती खेळून हातातला डाव घालवला. मी बाहेर आल्यावर त्याला शिव्या दिल्या. म्हणाला, "दामू, बाही माझीच होती ना? का तुझी होती?" बरोबरीही तो घ्यायचा नाही. कोणी हात पुढे केला की म्हणायचा, "बरोबरी कसली? आपण सोयरीक जुळवायला बसलोय का? खेळ."

आणि आजूबाजूला काय चालायचं! मला सांगताना शिसारी येते. लग्नाचे हॉल भाड्याने घ्यायचे, आदल्या दिवशीच्या रश्श्याचा वास तसाच. आठ चाली झाल्या नाहीत तोच दोघे हात मिळवून बरोबरी करून मोकळे, आधीच जिन्यात ठरलेलं. संडासात मोबाईलवर चाली बघत बसणारे. जिन्याखाली आया आणि बाप, पोरगं हरून आलं की भर लोकांत त्याला झोडणारे. एकाने तर पोरीच्या तोंडातला वडापाव काढून घेतला, म्हणे आधी सांग तो उंट का घालवलास. मी त्या बापाला बोललो तर मला म्हणतो, "अंकल, आप अपना देखो." आम्ही आपलंच बघत होतो. इनास आणि मी कोपऱ्यात डबा उघडायचो आणि त्या सगळ्यांना नावं ठेवत जेवायचो. आपण त्यांच्यातले नाही, हा माज होता आम्हाला. खरं सांगायचं तर जेवणापेक्षा तो माजच जास्त गोड लागायचा.

सत्तरी ओलांडल्यावर इनासच्या डोक्यात रेटिंग शिरलं. जगभरच्या खेळाडूंची यादी असते, त्यात नावासमोर नंबर लागतो. त्यासाठी यादीतल्या लोकांशी खेळून काही गुण मिळवावे लागतात. मी म्हटलं, "आता काय करायचाय नंबर? वर जाऊन दाखवणार आहेस?" तो हसला नाही. म्हणाला, "माझं नाव चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या वहीत आहे आणि सातबाऱ्यावर आहे. दोन्हीकडे बापाने लावलं. मी स्वतः कमवून कुठे लावलंय?" पुढे दोन वर्षं तो मिळेल त्या स्पर्धेला गेला. दरवेळी थोडक्यात हुकायचं. गुडघे गेले होते, डोळ्यांत मोतीबिंदू. मोगरा तोडायला माणसं ठेवली आणि हा पट मांडून बसायचा. त्याची बायको रोजा मला म्हणायची, "दामूभाऊ, एकदाचा तो नंबर मिळू दे, नाहीतर हा माणूस मला पण मोहरा समजून हलवेल."

मग नालासोपाऱ्याची ती स्पर्धा आली. शेवटचा डाव उरला होता. आर्बिटरने कागदावर आकडेमोड करून सांगितलं, "काका, हा जिंकलात तर नाव आलं यादीत. हरलात तर नाही." समोर विरारची मयूरी नावाची मुलगी, बँकेत कामाला, यादीतली. माझा डाव लवकर संपला, म्हणजे मी लवकर हरलो, आणि इनासच्या पटामागे येऊन उभा राहिलो. इनास वरचढ होता. मुलगी नखं खात होती. त्याने उजवा हात मांडीखालून काढला, घोडा बोटांत धरला, पटावरून दोन बोटं वर उचलला. तेवढ्यात त्याला दिसलं. मला मागून आधीच दिसलं होतं. घोडा हलला की मागचा हत्ती उघडा पडत होता आणि डाव जात होता. इनासने घोडा होता तिथेच ठेवला आणि राजा एक घर सरकवला.

मुलीने घड्याळ थांबवलं. "अंकल, टच-मूव्ह. घोड्याला हात लावलात तुम्ही."

"नाही लावला," इनास म्हणाला.

"अंकल, उचललात! मी बघितलं ना."

"नाही लावला म्हटलं ना."

आर्बिटर आला. दोघांचं ऐकलं. शेजारच्या पटांवरचे आपापल्या डावात बुडालेले. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "काका, तुम्ही इथेच उभे होतात. तुम्ही पाहिलंत का?"

इनासने मान वर केली नाही. पटाकडेच बघत राहिला. त्याच्या मानेवर घाम आला होता, तो मला अजून दिसतो. मी म्हणालो, "नाही. माझं लक्ष नव्हतं."

आर्बिटर म्हणाला, साक्षीदार नाही, खेळ पुढे चालू. मुलीने माझ्याकडे पाहिलं. शिळी मासळी ताजी म्हणून गळ्यात मारणाऱ्या बाईकडे गिऱ्हाईक बघतं तसं. तिसाव्या की बत्तिसाव्या चालीला ती हरली. कागदावर सही केली, इनासशी हात मिळवला आणि ओढणीला हात पुसत गेली. मी पाहिलं ते. इनासनेही पाहिलं.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "चल, चहा घेऊ."

मी म्हणालो, "तुझ्या हातचा चहा मला नको. मला ओकारी येईल."

तो थांबला. म्हणाला, "मी खोटं बोललो ते माझ्यासाठी. तू कशाला बोललास? मी तुला सांगितलं होतं?"

"तुझ्यासाठी बोललो, भडव्या!"

"मी वाट बघत होतो," तो म्हणाला. "तू 'पाहिलं' म्हणशील आणि मी मान खाली घालून घोडा खेळेन. मला वाटलं, दामू आहे मागे, दामू सोडणार नाही. तू सोडलंस."

चोराने साक्षीदारावरच केस करायची, अशातली ही गत. मी त्याला त्या रस्त्यावर काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. रिक्षावाले बघत राहिले. मी एकटा घरी आलो आणि कुंपणाच्या बाजूची खिडकी बंद करून टाकली. पुढे कळलं की त्याचं नाव यादीत आलं. मी थुंकलो.

तीन वर्षं आम्ही बोललो नाही. एरंडाच्या पलीकडे तो खोकायचा, अलीकडे मी पंप चालू करायचो. तो पुन्हा कुठल्याच स्पर्धेला गेला नाही. मी जात राहिलो, हट्टाने, आणि हरत राहिलो. रोजा एकदा कुंपणाशी आली आणि म्हणाली, "दामूभाऊ, तो दिवसभर नुसता बसून असतो. एकदा या ना." मी म्हणालो, "त्याला पाय आहेत." त्याला तेव्हा पाय राहिले नव्हते, हे मला माहीत होतं. तरी बोललो.

इनास गेला तेव्हा मी दफनाला गेलो. लोक मूठभर माती टाकायला रांगेत उभे होते. मी फाटकाशी उभा राहिलो आणि तिथूनच परत फिरलो. माझा राग तेवढा टिकाऊ होता. याचा मला अभिमान वाटला, हेही लिहून ठेवतो. आज त्या अभिमानाचीच किळस येते.

यंदा विरारच्या स्पर्धेत दुसऱ्या फेरीला माझ्यासमोर मयूरी आली. लग्न झालेलं, अंगावर थोडं मांस चढलेलं, पण मी ओळखली. तिनेही मला ओळखलं. घड्याळ सुरू व्हायला वेळ होता. ती म्हणाली, "ते निर्मळचे अंकल गेले ना? मला कळलं." मी मान हलवली.

"ते माझ्या बँकेत आले होते एकदा," ती म्हणाली. "त्या स्पर्धेनंतर महिन्याभराने. हातात मोगऱ्याची ही मोठी पुडी. काउंटरवर लाईन होती. सगळ्यांसमोर म्हणाले, बाई, मी घोडा उचलला होता, मी खोटं बोललो. मॅनेजर बाहेर आले, त्यांना वाटलं काही लफडं झालं. मी म्हटलं, अंकल, सोडा ना आता. तर म्हणाले, यादीतून नाव काढायचा अर्ज दिलाय मी. पण ते लोक काढत नाहीत, हसतात."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. तीन वर्षं कुंपणापलीकडे हा माणूस हे मनात घेऊन बसला होता आणि मी पंप लावत होतो.

"मी त्यांना तुमच्याबद्दल पण विचारलं," ती म्हणाली. "म्हटलं, आणि ते दुसरे काका? ते तर मागेच उभे होते. तर म्हणाले, नाही, दामूने खरंच पाहिलं नाही. दामूला दूरचं दिसत नाही. तो खोटं बोलायचा नाही."

मला दूरचं चांगलं दिसतं. आजही चष्म्याशिवाय गाडीवरचा नंबर वाचतो. इनासने स्वतःचं धुतलं आणि माझ्या अंगावर पांघरूण टाकून गेला. मला असा राग आला की समोर असता तर मानगूट धरली असती. मी कोणाचं उपकाराचं कधी घेतलं नाही, आणि हा मेल्यावर माझ्या गळ्यात खरेपणाचं खोटं उपरणं घालून गेला, तेही तिऱ्हाईत बाईसमोर. तिने ते खरं मानलं होतं की नाही, ते तिच्या तोंडावरून कळत नव्हतं. ती प्यादी सरळ करत होती. मी गप्प बसलो असतो तर ते तसंच चाललं असतं. पुढे विचारायला कोणी उरलं नव्हतं.

आर्बिटरने शिट्टी मारली. मी पांढऱ्यांनी खेळत होतो. तिने माझं घड्याळ चालू केलं.

"मी पाहिलं होतं," मी म्हणालो. "चांगलं दोन बोटं उचलला होता."

तिने वर पाहिलं. शेजारचा कोणीतरी 'शू' म्हणाला. ती हळू आवाजात म्हणाली, "मग तेव्हा का नाही बोललात, काका?"

मी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसलो. पहिली चाल अजून व्हायची होती आणि घड्याळ माझं चालू होतं.