चार मावशा आणि एक लिफ्ट

सोमवारी मी ऑफिसला गेले नाही, काल्हेरला घरीच होते... आणि भयंकर चिडलेली होते. माझ्या लेकीला, तनूला सांभाळणाऱ्या द्वारकामावशी शनिवारी काम सोडून गेल्या. वर्षभरातल्या या चौथ्या.

पहिलीच्या बहिणीचं लग्न निघालं. दुसरीला अचानक गावाकडची शेती आठवली. तिसरी तर न सांगताच यायची थांबली, फोन करावा तर स्विच ऑफ...

मी कशेळीला एका गोडाऊनच्या डिस्पॅच ऑफिसात आहे, नवरा ठाण्याला शिफ्ट ड्युटीवर. आमच्या साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं, बुधवारपासून यायचं, नाहीतर कायमचं घरी बसायचं. शिवाय मावशी बदलली की तनू आठवडाभर नीट जेवत नाही, ते वेगळंच.

माझं काय चुकत होतं? आम्ही खातो तेच जेवण, रविवारी सुट्टी, दिवाळीला साडी. या बायकांशी चांगलं वागलं की त्या डोक्यावर बसतात, असं मी ऑफिसात सांगत फिरत होते. होय, हे मीच बोललेय.

द्वारकामावशी पन्नाशीच्या. मूळच्या अंबाडीकडच्या, आता इथे काल्हेर गावात मुलाकडे राहतात. सात महिने टिकल्या, आणि तनूचा त्यांच्यावर एवढा जीव की मला कधी कधी हेवा वाटायचा.

सकाळी दारात यायच्या त्या धापा टाकतच. मी पर्स खांद्याला लावून, घड्याळाकडे बघत म्हणायचे, दम्याचं काही असेल तर डॉक्टरला दाखवा मावशी. त्या तांब्याभर पाणी प्यायच्या आणि तनूला उचलायच्या. जाताना गुडघ्यांचं कारण सांगितलं, तेही मला बहाणाच वाटला.

तर सोमवारी सकाळी तनूला घेऊन दूध आणायला खाली गेले. येताना लिफ्टचं बटण दाबलं, तर ही अडीच वर्षांची पोर माझा हात सोडवून सरळ जिन्याकडे निघाली. मी हाक मारली तशी मागे वळून म्हणाली,

"आपल्याला लिफ्ट न्हाय."

आमच्या घरात असं कुणी बोलत नाही. हा द्वारकामावशींचा शब्द होता.

मी तिच्या मागे गेले. भिंतीला एक हात लावून ती एकेक पायरी चढत होती, सवयीचं असल्यासारखी. तिसऱ्या मजल्यावर वळणाशी थांबली, पायरीवर बसली आणि शेजारची जागा थोपटून मला म्हणाली, इथे बसायचं. मी बसले... तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडायला लागला. आमचं घर पाचव्या मजल्यावर आहे.

तनूला शेजाऱ्यांकडे सोडलं आणि तणतणत खाली वॉचमनकडे गेले. मावशींना लिफ्टमध्ये कोण जाऊ देत नव्हतं? त्याने शांतपणे लिफ्टशेजारच्या बोर्डाकडे बोट दाखवलं. "मॅडम, नोटीस लगा है ना."

'घरकाम करणाऱ्या व्यक्तींनी तसेच सामान पोहोचवणाऱ्यांनी लिफ्टचा वापर करू नये. हुकमावरून.' खाली सचिवांचं नाव आणि सही. सोसायटीची सचिव मीच आहे.

मागच्या वर्षी मीटिंगमध्ये कुणीतरी तक्रार केली की लिफ्टमध्ये पानाच्या पिचकाऱ्या असतात. पाच मिनिटांत ठराव झाला, सगळ्यांनी चहा घेतला, मी नोटीस लिहिली. 'हुकमावरून' हा शब्द लिहिताना मला किती ऐट वाटली होती, ते अजून आठवतं. घरकाम करणाऱ्या म्हणजे आमच्याही मावशी, हे डोक्यातसुद्धा आलं नाही. मग बाकीच्या तिघी का गेल्या असतील, हे आता मला कुणी सांगायला नको.

आणि आपण? लोडशेडिंगला लिफ्ट बंद पडली की एमएसईबीच्या नावाने शिव्या घालत चढतो, वर जाऊन सोफ्यावर आडवे होतो. ही बाई रोज संध्याकाळी माझ्या मुलीला खाली फिरवून आणायची आणि तिला थोडं चालवत, थोडं कडेवर घेऊन पाच मजले चढायची. समोर लिफ्ट रिकामी उभी असताना. स्वतःचा इतका राग मला आजवर कधी आला नव्हता.

नोटीस तिथल्या तिथे फाडली. चेअरमन म्हणाले, ठरावाशिवाय असं करता येत नाही. त्यांना म्हटलं, मीटिंग लावा, मी आधी पाच मजले चढून येते आणि मग बोलते.

संध्याकाळी मावशींच्या घरी गेले. त्यांनी चहा ठेवला. मी माफी मागितली आणि वर, सवयीने, त्यांच्यावरच चिडले. सात महिन्यांत एकदा तरी सांगायचंत, मी लगेच नोटीस काढून टाकायला लावली असती.

मावशी चहा गाळता गाळता म्हणाल्या, "खाली नाव तुमचंच हाय. मला वाचता येतं, ताई."

मी तनूच्या औषधांच्या बाटल्यांवर त्यांच्यासाठी सूर्य आणि चंद्र काढून ठेवायचे. कुठलं सकाळी, कुठलं झोपताना ते कळावं म्हणून. सात महिने त्या ती चित्रं बघत होत्या आणि मला एका शब्दाने बोलल्या नाहीत...

त्या परत येणार नाहीत. काल्हेरलाच एका गोडाऊनमध्ये पॅकिंगचं काम मिळालंय. "तिथं सगलं खालीच हाय," म्हणाल्या, आणि तनूसाठी पुडीत बांधून दोन लाडू दिले.

सध्या गावाहून सासूबाई आल्यात, म्हणून नोकरी वाचलीय. लिफ्ट आता सगळ्यांना खुली आहे. पण तनू अजून जिन्यानेच जाते, आणि तिच्या मागोमाग मीही. तिसऱ्या मजल्यावर ती बसते आणि शेजारची जागा थोपटते. मी बसते. ती जागा माझी नाही, हे मला रोज नव्याने कळतं.