एक गाठ लहानाची

सोलापूरच्या एका धर्मादाय दवाखान्यात औषधाच्या दोन खिडक्या होत्या. त्यातल्या एकीमागे सावित्रम्मा बसायची. घरी कन्नड, खिडकीवर मराठी, आणि मागावर काम करणाऱ्या घरांतल्या बायका आल्या की मोडकंतोडकं तेलुगू. तोंडानं फटकळ. पण रांगेतल्या निम्म्याअधिक लोकांना वाचता येत नाही, हे तिच्याइतकं तिथं कुणाच्याच ध्यानात राहत नसे. म्हणून एका घरची दोन माणसं आजारी असली की ती पुड्यांना दोऱ्याच्या गाठी मारून द्यायची. लहानाच्या पुडीला एक, मोठ्याच्या पुडीला दोन.

चौऱ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात मेंढपाळाच्या घरची राजाबाई तापानं फणफणलेलं पोर आणि सासू तानाबाई, दोघांना घेऊन आली. मेंढरं सध्या वळसंगच्या बाजूला उतरलीत, असं ती बोलता बोलता म्हणाली. सावित्रम्मानं पुड्या बांधल्या, नेहमीसारखं दटावून समजावलं, आणि माणसं गेली. दुपारी खिडकी बंद करताना तिला टेबलावर दोऱ्याचं रिकामं रीळ दिसलं आणि काय झालं ते ध्यानात आलं. दोरा मधेच संपला होता. उरल्या तुकड्यात एकच गाठ बसली, ती म्हातारीच्या रक्तदाबाच्या पुडीला. नवं रीळ काढून दोन गाठी मारल्या, त्या पोराच्या पुडीला.

तिनं जाऊन सांगितलं तेव्हा मोठे डॉक्टर म्हणाले, सकाळी शिपाई पाठवू. माणूस वाईट नव्हता, पण शिपाई जाणार कुठं? मेंढपाळाच्या दाराला काय नंबर असतो? सावित्रम्मा तशीच एसटी स्टँडवर गेली. वळसंगला उतरून भेटेल त्याला कन्नडमध्ये विचारत सुटली, सध्या कुणाच्या रानात मेंढरं बसलीत? खतासाठी मेंढरं बसवलेलं रान गावाला ठाऊक असतंच. उन्हं कलताना ती तिथं पोचली.

पोर निपचित पडलं होतं. एक गोळी पोटात गेली होती. सबबी पुष्कळ होत्या, रांग होती, दोरा होता. तिनं एकही सांगितली नाही.

"राजाबाई, चूक माझी हाय. गोळ्या बदलल्या. पोराला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचं."

सासरा हरिबा वाट्टेल ते बोलला. तिनं पोराला उचललं. कांद्याच्या ट्रकमधून ती मायलेकरांना घेऊन शहरात आली. पोर उठून भाकर मागेपर्यंत खाटेजवळून हलली नाही, आणि मग ती फटकळ बाई साऱ्या वॉर्डासमोर ढसाढसा रडली.

आपली चूक तिनंच वरपर्यंत सांगितली. नोकरी कशीबशी वाचली, पण गावभर बोभाटा झाला. तिच्या खिडकीसमोर कुणी उभं राहीना. दिवसचे दिवस ती रिकामी बसून शेजारची रांग बघायची, आणि ते तिला नोकरी जाण्याहून जड जात होतं.

सासूच्या गोळ्या संपल्यावर राजाबाई आली, ती नेमकी तिच्याच खिडकीवर. शेजारच्या रांगेतला एकजण म्हणाला, बाई, इकडं या, तिनंच तर गोळ्या बदलल्या होत्या.

राजाबाईनं तिकडं वळूनही पाहिलं नाही. "व्हय की, हिनंच बदलल्या," ती म्हणाली. "पर चुकल्यावर ही मला हुडकत रानात आली. त्या खिडकीतला चुकला तर यील का, कुणाला ठाव?"