पत्रिकेऐवजी ताळेबंद

माझ्या सासऱ्यांइतक्या गोडीने कंपन्यांचे ताळेबंद वाचणारा माणूस अख्ख्या नाशकात दुसरा नसेल. लोक संध्याकाळी गोदाकाठी फिरायला जात, तेव्हा हे गॅलरीत बसून कुठल्यातरी कंपनीचा वार्षिक अहवाल वाचत आणि मध्येच "अरेरे!" म्हणून हळहळत. आधी नफा बघणारा त्यांच्या लेखी भाबडा. "नफा काय, कुणीही दाखवतो. पैसा अडकलाय कुठं आणि खेळता किती, ते बघा!" घरालाही तोच न्याय. सासूबाईंची येवल्याची पैठणी म्हणजे कपाटात अडकलेली गुंतवणूक आणि लोणच्याच्या बरण्या म्हणजे न खपलेला माल. सासूबाई शांतपणे म्हणत, "मग उद्यापासून लोणचं मागू नका."

नव्वदच्या दशकात मी त्यांच्या मुलीला बघायला गेलो, तेव्हा त्यांनी पत्रिका बाजूला सारून मी नोकरी करत होतो त्या सातपूरच्या कारखान्याचा ताळेबंद मागितला. मुलगी मला बघताक्षणी आवडली होती, म्हणून दुसऱ्याच दिवशी तो मिळवून घेऊन गेलो. पोहे गार होईपर्यंत त्यांनी तो वाचला. नवी यंत्रं घेतलेली, तीही थोड्या मुदतीच्या कर्जावर. गोदामात माल पडून, गिऱ्हाइकांकडची येणी थकलेली. पगारपाण्याला लागणारं खेळतं भांडवल जवळजवळ नाहीच. "कंपनी टिकायची नाही," ते म्हणाले, "हे स्थळ नको." तेवढ्यात मुलगीच बाहेर आली. "बाबा, ह्यात यांचं नाव कुठं आहे?" सासऱ्यांनी चष्मा सारखा करून खरोखर सगळी पानं उलटून पाहिली. "नाही बुवा," ते म्हणाले आणि गार पोहे खायला लागले. लग्न ठरलं.

पुढे काही वर्षांतच कारखान्याला टाळं लागलं. सासरे घरी आले, तेव्हा आता 'सांगितलं होतं' ऐकावं लागणार म्हणून मी मान खाली घालून बसलो. त्यांनी पिशवीतून लोणच्याची बरणी काढून टेबलावर ठेवली. "यंत्रं तिथंच गंजतील, जावईबापू. तुम्ही मात्र चालत बाहेर आलात. तुमचं सगळं भांडवल खेळतंच आहे." त्या धीरावर मी अंबडला दुसरी नोकरी शोधली आणि आमचा संसार सुखाचा झाला.

आता ते नाहीत. त्यांच्या नावाने अहवाल मात्र अजून टपालाने येतात. मी गॅलरीत बसून वाचतो, नफ्याचं पान सोडून आधी खेळतं भांडवल बघतो. आणि मग, नसणार हे ठाऊक असूनही, पानं उलटत त्यांचं नाव शोधतो.