डाव्या हाताचा शेवट

जॅकलीनला नापास करायचंच, असं ठरवूनच सिप्रियन लोपीस परीक्षेच्या टेबलाशी बसला होता. गणवेशाची इस्त्री कडक आणि कपाळावरच्या आठ्या त्याहून कडक.

माणूस मूळचा वसईचा. दिवसा अबू धाबीच्या एका हॉटेलात स्टोअर सांभाळायचा, संध्याकाळी अल रीम आयलंडवरच्या टॉवरच्या क्लबहाउसमध्ये तायक्वांदो शिकवायचा. शिकवणं मात्र खणखणीत. नुसत्या लाथाबुक्क्या त्याला चालत नसत. प्रत्येक पॅटर्नच्या, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या मालिकेच्या, मागे कोरियातली एक गोष्ट असते, कुणा भिक्षूची, कुणा लढवय्याची. ती सांगता आली नाही, तर त्याच्याकडे पुढचा पट्टा मिळत नसे. पण सगळ्या दोऱ्या आपल्याच हातात हव्यात. गळ्यातली शिट्टीसुद्धा दुसऱ्याला वाजवू द्यायचा नाही. त्याची बायको विल्मा म्हणायची, "तू मेलास की ही शिट्टी तुझ्याबरोबरच पेटीत घालावी लागणार."

जॅकलीन त्याचीच शिष्या. शाळेत असल्यापासून तिने त्याच्या हॉलमधल्या मॅट झाडल्या, बारक्या पोरांचे पट्टे बांधले. वर्ग घेऊ का, असं दरवर्षी विचारलं. त्याने कधीच दिला नाही. शेवटी गेल्या वर्षी तिने शेजारच्या टॉवरमध्ये स्वतःचा क्लास काढला आणि याची निम्मी मुलं तिकडे गेली. सिप्रियनचा तिळपापड झाला. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी, असं तो भेटेल त्याला सांगत सुटला. शिकवण्याच्या परवान्यासाठीच्या आजच्या परीक्षेत ती नापास झाली, तर तिला क्लास बंद करावा लागणार होता. हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

चुंग-मू नावाचा पॅटर्न तिने असा केला, की खोट काढायला जागाच उरली नाही. राहिले तोंडी प्रश्न.

"लास्ट अटॅक लेफ्ट हँडनेच का? मीनिंग बोल," तो खेकसला.

"चुंग-मू कोरियाचा अ‍ॅडमिरल होता, सर. राजाशी एकदम लॉयल. त्या लॉयल्टीनेच त्याचे हात बांधले. आपली पूर्ण ताकद दाखवायच्या आधीच तो मेला. म्हणून शेवट डाव्या हाताचा." ती टेबलाकडे एक पाऊल सरकली. "मी पण तुमच्या हॉलमध्ये तशीच मरायला हवी होती का, सर?"

"खलास! आन्सरपुरतं बोल!"

दुसरे परीक्षक तहसीन शांतपणे म्हणाले, "सिप्रियनभाई, जवाब तो सही है ना?"

चूक म्हणावं, तर शब्द न् शब्द त्याचाच होता. त्याला तिचा संताप आला, आणि तिला इतकं नीट शिकवल्याचा त्याहून जास्त. त्याने 'पास' लिहिलं ते इतकं दाबून, की कागद फाटला.

जॅकलीन रिवाजाप्रमाणे कमरेत वाकली. गुरू उलट वाकेपर्यंत शिष्याने मान वर करायची नसते. हाही त्याचाच नियम. तो ताठ बसून राहिला. तीही वाकलेलीच राहिली. भिंतीशी बसलेली तिच्या क्लासची मुलं टक लावून त्याच्याकडे बघत होती.

शेवटी सिप्रियन उठला आणि वाकला. गळ्यातली शिट्टी काढून तिच्यासमोर टेबलावर आपटली.