टोपीचं माप

“मुनशीजी, घरात कोरी टोपी हाये का?” देवानंदाचा फोन सकाळी आला तो असा. श्रावण लागून चारच दिवस झाले होते. मी विचारलं, कुणाचा सत्कार आहे? तो म्हणाला, “मारोती टेलर गेले. पहाटं. त्यायच्या डोक्यावर ठेवायला टोपी न्हाई. जी हाये तिचा रंग बी कळत न्हाई.” जन्मभर लोकांचे कपडे शिवलेल्या माणसाच्या घरात, शेवटच्या आंघोळीनंतर त्याला घालायला एक कोरी टोपी नसावी, याचं मला वाईट वाटायला हवं होतं. मला हसू आलं. हे लिहायला नको होतं... पण मारोतीबद्दल खोटं लिहायचं नाही असं ठरवून बसलो आहे, आणि माझ्याबद्दलही. मी पेटी उघडली. तिच्यात त्यानंच शिवलेल्या टोप्यांची चळत होती. एकही वापरलेली नव्हती, कारण एकही माझ्या डोक्यावर बसत नव्हती. वरची उचलली, कुणाच्या तरी कामाला आली म्हणायची, असं मनाशी म्हणालो आणि गोरेगावच्या जीपमध्ये जाऊन बसलो.

मी हिंगोलीकडच्या सेनगावला कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहितो. आमच्याकडं हे काम करणाऱ्याला निजामाच्या काळापासून मुनशी म्हणतात. मारोतीचं दुकान गोरेगावात, जीपा थांबतात तिथं. एक मशीन, एक आरसा आणि गिऱ्हाइकासाठी एक लोखंडी खुर्ची. अंगानं किरकोळ माणूस. शर्टाच्या कॉलरला कायम एक दोरा ओवलेली सुई टोचलेली असायची. त्या दुकानात वीस-बावीस वर्षं आम्ही एक खेळ खेळलो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे करीला, बैल जुंपत नाहीत, त्यामुळं माणसंही रिकामी असतात. त्या दिवशी आम्ही आठ-दहा जण जमायचो आणि इतिहासातला सगळ्यात मोठा माणूस कोण, यावर भांडायचो. प्रत्येकानं आपला एक मोठा माणूस आणायचा, बाकीच्यांनी त्याला खाली ओढायचं. शेवटपर्यंत जो उभा राहील तो त्या सालचा. त्याचा टॉवेल-टोपी-नारळ देऊन सत्कार करायचा. आता एखादा राजा काही गोरेगावला येऊ शकत नाही, म्हणून त्याच्या वतीनं त्याला आणणाऱ्यानं त्या लोखंडी खुर्चीवर बसायचं. जीपवाली पोरं बाहेरून टाळ्या वाजवायची. कोणकोणते मोठे लोक तिथं पडले आणि कोणते राहिले, ती नावं मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिली तर वाचक मारोतीला सोडून त्या नावांसाठी भांडतील, आणि हल्ली तेवढ्यावरून डोकी फुटतात.

टॉवेल माझा असायचा, नारळ पुसेगावहून देवानंद आणायचा. देवानंद निवृत्त कंपौंडर, आमच्यातला त्यातल्या त्यात सज्जन. टोपी मारोती शिवायचा, दरवर्षी नवी, पांढरी, इस्त्री मारून कडक केलेली. आमच्या भागात सत्कार झाला नाही असा माणूस सापडणं कठीण. दहावी पास झाला की होतो, नोकरीतून उतरला की होतो, निवडून आलेल्याचा होतो आणि पडलेल्याचाही समजूत काढायला होतो. मारोतीचा कधी झाला नव्हता. कशासाठी करणार? चौथी नापास, कुठून निवृत्त नाही, कशाला उभा राहिला नाही. त्याला त्या खुर्चीवर एकदा बसायचं होतं. ही गोष्ट त्यानं कधी लपवली नाही आणि आमच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक होती. करीच्या सकाळी तो ती खुर्ची ओल्या फडक्यानं पुसायचा, दाढी करून यायचा, धुतलेला सदरा घालायचा. आणि दरवर्षी तिथं मी बसायचो. देवानंद एक-दोनदा बसला असेल. बाकी मीच.

मी कसा जिंकायचो ते सांगतो. पोळ्याच्या आधी दहा-बारा दिवस मारोती जीप धरून माझ्या टेबलाशी यायचा, रुमालात भाजलेल्या शेंगा घेऊन. माझी गिऱ्हाइकं संपेपर्यंत बाकावर बसून राहायचा आणि मग विचारायचा, “मुनशीजी, यंदा कोणाला घेऊ?” त्याला अक्षरं लावून लावून वाचता यायचं, पुस्तक काही झेपत नव्हतं. माझ्याकडं पुस्तकं होती. मी त्याला एखादा राजा काढून द्यायचो. त्यानं तलाव कसे बांधले, दुष्काळात कोठारं कशी उघडली, सगळं नीट समजावून सांगायचो. मारोती ते मशीन चालवता चालवता पाठ करायचा. करीच्या दिवशी तो उभा राहून ते घडाघडा म्हणायचा, लोक माना डोलवायचे, आणि मग मी हळूच विचारायचो, या राजानं सख्ख्या भावाचे डोळे काढले होते, ते टेलरनं का सांगितलं नाही? तो माझ्याकडं बघत राहायचा. “हे तुमी मला बोलले न्हाई, मुनशीजी.” मी म्हणायचो, “तू विचारलं नाहीस.” हशा व्हायचा आणि राजा पडायचा. पुढच्या साली तो शहाणा झाला. शेंगा पुढं ठेवून म्हणाला, “ह्याचं वाईट काय हाये ते बी सांगून ठेवा.” मी एक किरकोळ वाईट सांगितलं आणि मोठं वाईट माझ्यापाशी ठेवलं. शेंगा मात्र सगळ्या खाल्ल्या.

हे मी का करत होतो, याचं उत्तर सोपं आहे आणि घाणेरडं आहे. दिवसभर मी दुसऱ्यांच्या नावानं ‘आपला नम्र’ लिहायचो, कचेरीतला शिपाईसुद्धा मला टेबल सरकवायला सांगायचा. वर्षातून एक दिवस माझ्या खाली कुणीतरी असायचं. मारोती सोयीचा होता. तो रुसायचा नाही, पुन्हा यायचा.

टोपीची गंमत वेगळीच. तो स्वतःच्या हातानं टोपी माझ्या डोक्यावर ठेवायचा आणि ती तिथं टेकून उभी राहायची, खाली बसायची नाही. वारा आला की पडायची. देवानंदाच्या डोक्यावरही तीच गत झाली होती. मग सदरे झकास शिवणाऱ्या मारोतीला टोपी तेवढी जमत नाही, हे गावभर ठरून गेलं. मी तर खुर्चीवर बसून दरवर्षी भाषण केल्यासारखं म्हणायचो, “मंडळी, इतिहासातल्या थोर पुरुषांनी सगळं सोसलं, पण आमच्या टेलरची टोपी त्यांनाही सोसवत नाही.” लोक पोट धरून हसायचे. मारोतीही हसायचा. टोपी उचलून पुन्हा माझ्या डोक्यावर नीट करत दरवर्षी एकच वाक्य म्हणायचा, “पुढच्या साली बराबर बसंल.” मला वाटायचं, माझी समजूत काढतो आहे.

गेल्या वर्षी तो सेनगावला आलाच नाही. पोळा चार दिवसांवर आला तरी बाक रिकामं. मी चक्क चिडलो होतो. करीला गोरेगावात उतरलो तर खुर्ची पुसलेली, मारोती दाढी करून तयार. त्याची पाळी आली तेव्हा तो उठला, कॉलरची सुई काढली आणि चिमटीत उंच धरली. “ज्यानं पहिल्यांदा हिला भोक पाडलं, तो,” तो म्हणाला. “तुमी राजे आणले, साधू आणले. त्यायच्या अंगावर कापड कोणामुळं आलं? त्याच्या आधी समदे कातडं गुंडाळून फिरत व्हते. राजा बी आन् भिकारी बी. जखम बी सुईनंच शिवतात, कंपौंडर सायेब बसून राहिलेत, विचारा त्यायला. ह्या माणसानं कोणाचे डोळे काढले न्हाई, कोणाचं राज्य घेतलं न्हाई. एक भोक पाडलं आन् गेला.” मागच्या वीस-बावीस वर्षांत त्या दुकानात इतकं चांगलं कुणी बोललं नसेल. जीपवाल्यांनी इंजिनं बंद केली. देवानंद माझ्याकडं वळून म्हणाला, “मुनशी, याला पाडता येत न्हाई.” खरंच येत नव्हतं. या माणसाबद्दल माझ्याकडं पुस्तक नव्हतं, मागं ठेवलेलं काही वाईट नव्हतं. होकाराचे हात वर होऊ लागले. मारोतीनं आपली जुनी मळकी टोपी काढली, घडी करून खिशात घातली आणि खुर्चीच्या दिशेनं एक पाऊल टाकलं. ते पाऊल मला दिसलं... आणि मी विचारलं, “नाव काय त्याचं?”

“नाव कोणाला ठाव?” मारोती म्हणाला.

“सत्काराला नाव पुकारावं लागतं. कुणाचं पुकारू? निनावी अर्ज कचेरीतसुद्धा घेत नाहीत. ज्याचं नावच राहिलं नाही, तो मोठा कसा?”

पहिल्यांदा एकच जण हसला, मग सगळे. वर गेलेले हात खाली आले. मारोती उघड्या डोक्यानं तसाच उभा होता. हसू ओसरल्यावर तो जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाला, “काहून असं करता, मुनशीजी? एक डाव बसू द्या की.” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, “नियम म्हणजे नियम.” आणि माझा एक थकलेला सम्राट घेऊन जाऊन बसलो. त्यानं टोपी आणून माझ्या डोक्यावर ठेवली. ती नेहमीसारखी वर उभी राहिली, मी नेहमीचं वाक्य बोललो, लोक नेहमीसारखे हसले. त्याचं वाक्य मात्र त्या वर्षी आलं नाही. माझ्या तेव्हा ते ध्यानातही आलं नाही. नारळ घेऊन मी शेवटच्या जीपनं घरी आलो.

हिवाळ्यात त्याचा उजवा हात गेला. अर्धांगवायू. मी एकदाच भेटायला गेलो. मशीनवर चादर टाकलेली होती. तो बाजेवर बसून डाव्या हातानं सुईत दोरा ओवायला बघत होता आणि दोरा दर वेळी बाजूनं जात होता. मी म्हटलं, आता राहू दे. त्यानं जड जिभेनं विचारलं, “त्या माणसाचं नाव... कोण्या पुस्तकात सापडंल का?” असं नाव कुठं नसतं, हे मला तेव्हाच सांगता आलं असतं. मी म्हणालो, “बघतो.” ज्याचं काम होणार नाही हे मला माहीत असतं, त्या गिऱ्हाइकाला मी हेच म्हणतो. देवानंद नंतर सांगायचा, मारोती अधूनमधून विचारतो, मुनशीजीचा काही निरोप? मी पुन्हा गेलो नाही. उन्हाळा गेला, पेरण्या झाल्या, मी गेलो नाही.

तर त्या सकाळी मी टोपी घेऊन पोचलो. अंगणात त्याला आंघोळ घालून भिंतीला टेकवून बसवलं होतं. कोरा सदरा चढवला होता, डोकं उघडं. टोपी मी देवानंदाच्या हातात दिली. माणसं गोळा झालेली, या टोप्यांची ख्याती सगळ्यांना माहीत. एक जण हळूच म्हणाला, ताणून लावा, न्हाई तर वाटंत पडंल. देवानंदानं टोपी ठेवली. ती सरळ खाली आली, कपाळावर, कानांच्या वर, जिथं यायला हवी तिथं, आणि बसली. कुठं घडी नाही, कुठं फट नाही. देवानंदानं हात काढून घेतला आणि माझ्याकडं बघितलं. भागीरथीबाई, मारोतीची बायको, भिंतीशी बसल्या होत्या. त्या रडत नव्हत्या. साधी माहिती द्यावी तशा म्हणाल्या, “त्यायचंच माप हाये ते. दरसाली पोळ्याच्या आदी आरशात बघून शिवायचे. म्हणायचे, यंदा मलाच भेटणार हाये, मंग दुसऱ्याच्या मापाची काहून शिवू?”

मला वाटलं, आता कुणीतरी मला शिवी देईल, निदान बाजूला तरी सारील. कुणी सारलं नाही. उलट तिरडीला खांदा द्यायला मला पुढं बोलावलं, मारोतीचा जुना दोस्त म्हणून.

या वर्षीची करही झाली. भागीरथीबाईंनी खुर्ची बाहेर काढून दिली, दुकान उघडलं नाही. टोपी देवानंदानं हिंगोलीहून रेडिमेड आणली, मागं इलॅस्टिक असलेली. माझी पाळी आल्यावर मी उठलो आणि म्हणालो, सुईला पहिल्यांदा भोक पाडणारा माणूस. मारोतीचं सगळं भाषण मला पाठ होतं, त्याच्या शब्दांसकट. ऐकून घेतल्यावर देवानंदानं शांतपणे विचारलं, “नाव?” मी म्हणालो, माहीत नाही. “मंग बसा खाली, मुनशी,” तो म्हणाला. या वेळी हसलं कुणीच नाही. त्या दिवशी खुर्चीवर देवानंद बसला. इलॅस्टिकची टोपी त्याला छान बसली, ती कुणालाही बसली असती.

मी पेटीतल्या उरलेल्या सगळ्या टोप्यांचं गठुडं बांधून नेलं होतं. सगळे पांगल्यावर ते भागीरथीबाईंपुढं ठेवलं. त्यांनी गाठ सोडली, वरच्या टोपीवरून एकदा हात फिरवला आणि गाठ पुन्हा बांधली. “सत्काराच्या हायेत. तुमी जिंकल्या,” त्या म्हणाल्या. “आमी कशा घ्याव्या?” मी म्हणालो, वहिनी, ठेवा. त्यांनी गठुडं उचलून माझ्या हातात दिलं आणि खुर्ची आत नेली.

जीपमध्ये मी ते मांडीवर धरून बसलो. ड्रायव्हरनं गाडी चालू करताना विचारलं, “काय हाये, मुनशीजी?”

“टोप्या.”

“इतक्या? टेलरनं शिवलेल्या का?”

“नाही,” मी म्हणालो, “टेलरच्या.”