अर्धी बाटली पुराव्यासाठी

आमची जुनी पेट्रोल गाडी उभ्या जागी थरथरायची आणि चढावर गचके द्यायची. मुलगा म्हणे, विकून टाका. पत्नीला मात्र मुक्ताईनगरला दर्शनाला जायचे ते याच गाडीतून. म्हणून मी इंजिन आतून साफ करणारे औषध आणून पेट्रोलच्या टाकीत ओतले. आठवडा उलटला तरी गचके कायम! संतापून मी ग्राहक आयोगासाठी चार पानी तक्रार लिहिली आणि बाटलीसह जळगावातल्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रींपुढे साक्षीसाठी ठेवली.

त्यांनी बाटली उजेडात धरली. "नाना, ही अर्धी भरलेली कशी?"

"पुरावा म्हणून राखून ठेवली आहे."

"अहो, वर लिहिलंय, भरल्या टाकीला पूर्ण बाटली. अर्धं औषध इंजिनाला, अर्धं कोर्टाला! बरं कोण होणार?"

गाडीत बसलेली पत्नी इतकी हसली, की माझा राग तिथेच लुळा पडला. टाकी अर्धीच भरून घेतली आणि माझा पुरावा माझ्याच हाताने तिच्यात रिकामा केला.

मुक्ताईनगरला जाताना भुसावळ मागे पडले तेव्हा गचके विरळ झाले होते. परतताना एकही बसला नाही. मिस्त्रींसाठीचा प्रसाद पत्नीने त्या तक्रारीच्या कागदांतच बांधला. मी हरकत नोंदवली नाही.