खारीची फांदी

मला एका खारीचा हेवा वाटत होता. खरी खार नव्हे. बाबांच्या मोबाइलमधली, चित्रातली, निळ्या शेपटीची.

माझी भाची दुसरीत आहे. तिची शाळा दोनला सुटते आणि ऑटोवाले भैया तिला आमच्या घरी सोडतात. संध्याकाळी सहाला ताई ऑफिसातून सुटली की राइट टाउनहून स्कूटरवर येते आणि तिला घेऊन जाते. मधले चार तास ती आमच्याकडे असते. म्हणजे बाबांकडे असते. मी घरूनच काम करते, इंग्रजी मजकूर तपासण्याचं. आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसते. पण हेडफोनमधून बाहेरचं सगळं ऐकू येतं, हे घरात कोणाला माहीत नाही.

जुलैमध्ये शाळेतून चिठ्ठी आली की मुलगी गणितात कच्ची आहे. ताईने बाबांच्या मोबाइलवर एक खेळ टाकून दिला. त्यात एक मोठं झाड आहे. समोर बेरीज, वजाबाकी किंवा पाढ्यातला प्रश्न येतो. उत्तर बरोबर असलं की खार वरच्या फांदीवर उडी मारते, गोल फिरते आणि एका गोड बाईच्या आवाजात म्हणते, "वाह! शाबाश!" तीनदा चुकलं की ती घसरून खाली येते. ओरडत नाही. "कोई बात नहीं, फिर से कोशिश करो," म्हणते.

पहिल्या दिवशी बाबांनी चष्मा पुसून खेळ पाहिला आणि म्हणाले, "हे काय, अभ्यास आहे की टाइमपास?" चौथ्या दिवशी ते स्वतःच दोन वाजायच्या आधी फोन चार्ज करून ठेवू लागले.

आमचे बाबा फॅक्टरीतून रिटायर झाले. तोफांचे भाग मापात बसतात की नाही हे तपासण्याचं त्यांचं काम होतं. केसाएवढा फरकही चालायचा नाही. घरीही तसंच. माझ्या लहानपणी रोज संध्याकाळी दिवा लावला की पाढे म्हणायचे, मग जेवण. शाळेत मी टू वन्स आर टू शिकत होते आणि घरी बे एके बे. बाबा पाटावर बसून दुसऱ्या दिवशीच्या बुटांना पॉलिश करायचे आणि ब्रशच्या तालावर मी म्हणायचे. ब्रश थांबला की समजायचं, चुकलं. ते काही बोलायचे नाहीत. पुन्हा पहिल्यापासून. बोटं मोजलेली त्यांना मागे न पाहताही कळायची. "बोटं नको मोजू," एवढंच म्हणायचे. बरोबर आलं तर ब्रश चालू राहायचा. चालू राहिलेला ब्रश म्हणजेच शाबासकी, असं मी धरून चालले होते. दुसरी काही शाबासकी असते हे मला माहीत नव्हतं.

आणि आता ते खुर्चीच्या हातावर भाचीला बसवून, सीताफळाच्या बिया काढून तिला भरवत, खारीबरोबर ओरडत होते, "शाबाश! वा गं माझी वाघीण!"

मी मोजायला लागले. तसं ठरवलं नव्हतं. पण आतून ऐकताना माझं बोट टेबलावर पडायचं. एक. दोन. एका दुपारी अकरा.

"बाबा किती बदलले न," ताई एकदा स्कूटरला किक मारता मारता म्हणाली. "चांगलंच झालं."

मी "हो" म्हणाले. ताईला पाढे आपोआप यायचे. तिच्यासाठी ब्रश कधी थांबलाच नव्हता.

बाबा रोज सकाळी अकराला पिशवी घेऊन भाजीला जातात. बडा फुहाऱ्याच्या बाजारापर्यंत चालत, ओळखीच्या दुकानांत थांबत, सव्वा तासाने परत. फोन नेत नाहीत. तो फ्रिजवर ठेवलेला असतो. सप्टेंबरच्या एका सकाळी चहाचा कप ठेवायला गेले, तर तो समोर होता. मी खेळ उघडला. वर भाचीचं नाव होतं आणि नावाशेजारी खार झोपलेली. नुसतं पाहायचं, असं मी स्वतःला सांगितलं. पहिला प्रश्न आला, नऊ अधिक सहा. मी पंधरावर बोट ठेवलं. खार टुणकन उडाली.

"वाह! शाबाश!"

मी मागे वळून पाहिलं. घरात कोणी नव्हतं. तरी माझे कान गरम झाले होते. मी सव्वीस वर्षांची आहे, नऊ अधिक सहा मला येतात. पण त्या दिवशी मी वीस मिनिटं उभ्याने खेळले. भाजीवाल्याकडची कोथिंबीर बाबा निवडत असतील तोवर मी चार फांद्या चढले.

दुसऱ्या दिवशी परत. मग रोज. मी स्वतःला समजावलं की यात वाईट काय, पोरीची खार वरच जाते आहे. पण ते खोटं होतं, आणि खोटं आहे हे मला तेव्हाही माहीत होतं. कारण मी नवीन नावाने सुरुवात करू शकत होते. तसं बटण तिथेच होतं. मला नवीन खार नको होती. मला तीच हवी होती, जिला बाबा शाबाश म्हणतात.

त्या खेळाची एक गोष्ट माझ्या लक्षात यायला उशीर झाला. उत्तरं भराभर बरोबर आली की तो प्रश्न अवघड करत जातो. खेळणारं माणूस बदललं आहे हे त्याला कळत नाही. त्याला वाटत होतं, सात वर्षांची एक मुलगी अचानक फार हुशार झाली आहे.

बाबांनाही तेच वाटलं.

"अगं, पाहा तर! कुठे होती आणि कुठे पोचली!" दुपारी बाहेरून आवाज आला.

"आबा, मैंने नहीं किया," भाची म्हणाली. "ती सकाळी सकाळी आपोआप चढते."

"आपोआप? खार का अंडी घालायला वर जाते?"

"सच्ची में, आबा!"

बाबा खदखदून हसले. त्यांना तो मुलीचा लाजरेपणा वाटला. मी हेडफोन घट्ट केले.

मग तेरा गुणिले चार असले प्रश्न येऊ लागले. भाची अडायची, बाबा हळूच तिच्या कानात उत्तर सांगायचे, खार चढायची, दोघं टाळी द्यायचे. तिला काही येत नाही आहे हे बाबांच्या ध्यानात आलं नाही, कारण उत्तर त्यांचंच होतं. माझ्या आलं. एरवी तोंडाने "टिंग" करत नाचणारी पोर आता गप्प बसून आबांच्या ओठांकडे पाहायची. मी ते पडद्याच्या फटीतून पाहत होते. दोन दिवस मी फोनला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी लावला.

दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला बाबांचे फॅक्टरीतले दोन जुने मित्र सोनं द्यायला येतात, इतकी वर्षं न चुकता. रस्ते मिरवणुकीने बंद व्हायच्या आत, पाचच्या सुमारास. आपट्याची पानं हातात द्यायची, पाया पडायचं, आणि मग घरातल्या मुलाने मोठ्यांना काहीतरी म्हणून दाखवायचं, ही यांच्यातली पद्धत. फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये सुरू झाली ती अजून चालू आहे. कोणाचं पोर श्लोक म्हणायचं, कोणाचं कविता. मी पाढे.

नऊ वर्षांची असताना अशाच एका दसऱ्याला मी सतराच्या पाढ्यात अडकले होते. सतरा आठे. पुढचं येईना. खोलीत सहा मोठी माणसं आणि एकही ब्रश नव्हता, तरी तो थांबलेला मला ऐकू आला. मी फ्रॉकच्या घडीत बोटं लपवून मोजायला लागले. "बोटं नको मोजू," बाबा म्हणाले, आणि सगळे प्रेमाने हसले. तेव्हापासून लोकांसमोर बोलायची वेळ आली की मी ट्रे घेऊन स्वयंपाकघरात जाते.

या दसऱ्यालाही ट्रे माझ्याच हातात होता. चिवडा, चहा, करंज्या. ताई अजून पोचायची होती. मी दारात आले तेव्हा भाची नवं परकर-पोलकं घालून मधोमध बसली होती आणि बाबांनी फोन तिच्या मांडीवर ठेवला होता.

"आता पाहा," ते मित्रांना म्हणाले. "दुसरीतली पोर आहे आणि चौदाच्या पाढ्यापर्यंत पोचली. मी काही सांगणार नाही. हे पाहा, हात मागे."

चौदा गुणिले सात. भाचीने आबांच्या ओठांकडे पाहिलं. ओठ मिटलेले. तिने कुठेतरी बोट ठेवलं. चूक. दुसरा प्रश्न, चूक. तिसरा. खार फांदीवरून घसरत घसरत खाली आली.

"कोई बात नहीं," ती गोड बाई म्हणाली, "फिर से कोशिश करो."

"काहून चुकून राहिली?" बाबांचा आवाज मी ओळखला. सतरा वर्षं तो ऐकला नव्हता. "काल तर सगळं येत होतं! नीट पाहा. पुन्हा पहिल्यापासून."

भाचीने दोन्ही हात पोलक्याच्या खाली नेले. कापड हलत होतं. एक, दोन, तीन.

"बोटं नको मोजू."

मी ट्रे घेऊन दारातून खोलीत शिरले.

"बाबा, तिची चूक नाही," मी म्हणाले. "ते मी खेळत होते."

सगळे माझ्याकडे वळले. मी ट्रे खाली ठेवायला जागा शोधली, मिळाली नाही.

"तू?" बाबा म्हणाले. "कधी?"

"सकाळी. तुम्ही भाजीला जाता तेव्हा. वरच्या सगळ्या फांद्या माझ्या आहेत. तिला एवढं येत नाही. तिला कोणी शिकवलंच नाही."

"म्हणजे मावशीला परत दुसरीत बसवलं काय?" एक काका म्हणाले. दोघे मित्र हसले. दुसरे म्हणाले, "चलो, फी एकीची, शिकल्या दोघी!"

बाबा हसले नाहीत. "काहून पण?" त्यांनी विचारलं. रागाने नाही. त्यांना खरंच कळत नव्हतं.

इंग्रजीत मला उत्तर देता आलं असतं, चांगलं लांबलचक, स्वतःला सांभाळून घेणारं. मराठीत माझ्याजवळ एवढंच होतं.

"ती शाबाश म्हणते," मी म्हणाले.

काकांचं हसू अर्ध्यात राहिलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग फोनकडे, मग पुन्हा माझ्याकडे. एवढ्यात भाची उसळून उभी राहिली. तिचे डोळे भरले होते, पण चेहरा सुटला होता.

"देखा! मैंने बोला था न, आबा! मैंने नहीं किया!" आणि मग माझ्यावर, "मावशी, मेरी खार क्यों ली? ती माझी आहे न!"

"तुझीच आहे," मी म्हणाले. तिचा राग मला पुरता समजत होता. इतके महिने मी तोच करत होते.

त्या संध्याकाळी ताईने झाड पुसून टाकलं आणि भाचीची खार पुन्हा खाली, एकेरी बेरजांवर आणून ठेवली. भाचीने काहीच तक्रार केली नाही. पहिल्याच उत्तराला तोंडाने "टिंग" केलं.

पुढचे दोन दिवस भाजीला जाताना बाबांनी फोन शर्टच्या खिशात घालून नेला. तो जड खिसा मी आतून पाहत होते. मला नऊ वर्षांची असताना वाटलं होतं तसंच वाटलं. तिसऱ्या दिवशी ते दारापर्यंत गेले, चपला घातल्या, परत आले आणि फोन फ्रिजवर ठेवला.

"खारीला हात लावू नको," माझ्याकडे न पाहता म्हणाले. "तिची आहे ती. आपली वेगळी काढ."

मी काढली. खारी उरल्या नव्हत्या असं नाही, पण मी कासव घेतलं. त्यालाही खालूनच सुरुवात करावी लागली. दोन अधिक तीन.

दुपारी भाचीने तपासणी केली. "मावशी, तू तो अभी सबसे नीचे है!" तिला इतका आनंद झाला की तिने तो लपवायचाही प्रयत्न केला नाही. मी बाहेर येऊन बाबांच्या खुर्चीशेजारच्या वेताच्या बुटक्या मोढ्यावर बसले होते. हेडफोन आत टेबलावर होते.

बाबांनी सीताफळ फोडलं. अर्धं तिला दिलं, आणि थोडा वेळ गेल्यावर अर्धं माझ्यापुढे धरलं. बिया माझ्या मलाच काढाव्या लागल्या.

"सतराचा म्हण बरं," ते अचानक म्हणाले.

"कोण, मी?"

"मग कोण? ती दुसरीत आहे."

मी म्हणायला लागले. सतरा एके सतरा. सतरा दुणे चौतीस. सतरा आठेपाशी मी श्वास घेतला. बाबा फळाच्या सालीकडे पाहत होते. त्यांचा अंगठा खुर्चीच्या हातावर ताल धरून होता आणि तो थांबला नाही. मी पुढे गेले. एकशे छत्तीस, एकशे त्रेपन्न, एकशे सत्तर.

मी वाट पाहिली.

भाची खुर्चीच्या हातावर गोल फिरली, अगदी खारीसारखी, आणि त्या गोड बाईच्या आवाजात किंचाळली, "वाह, मावशी! शाबाश!"

बाबा खदखदून हसले. तिच्याकडे पाहून. मीही हसले, आणि माझं बोट आपोआप मोढ्याच्या काठावर पडलं. एक.